बागेत भरलेलं प्रदर्शन आणि आमची परी

बागेत दिवसभर काम केलं की साडीच्या काठाला कुसळं चिकटतात. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून एकेक काढली तरी चार राहतातच, आणि ती नेमकी भाकरी थापताना टोचतात! आमच्या बागेतल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी मुद्दाम कुणाला सांगायला जात नाही. पण बचत गटाच्या बैठकीला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "मीरे, त्या दगडांचं सांग की!" मग एक सांगितला की दुसरा टोचतो. म्हणून म्हणलं, एकदाचे वहीत लिहूनच काढावेत. शिक्षण सातवी. शुद्धलेखनाला नावं ठेवू नका.

आधी बागेचं सांगते. केजपासून जीपनं वीस मिनिटांवर, माळाला लागून एक वनस्पती उद्यान आहे. आम्ही सगळे नुसतं 'बाग' म्हणतो. विकायला फळं नाहीत, हारासाठी फुलं नाहीत. नुसती झाडं, आणि प्रत्येक झाडापुढं नावाची पाटी. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणल्या, "झाडाला झाड म्हणायला पाटी कावून लागती?"

तिथं मी रोपं करायच्या कामाला आहे. सोबत दोघीजणी. शाहीनआपा केजच्या, त्यांच्या मालकांचा एसटी स्टँडसमोर फळांचा गाडा आहे. आणि गयामावशी धनगराच्या, घरी शेळ्या, कमरेला चंची, तोंड कधी बंद नाही. आमच्यावर मॅडम. मॅडम मनानं चांगल्या आहेत, पण बोलतात एकदम पुस्तकासारखं.

दर वर्षी दिवाळी झाली की बागेत पंधरा दिवस प्रदर्शन भरतं. निसर्गावरची चित्रं, माती-काड्या-दगडांची शिल्पं, असलं सगळं. कलाकार लांबून लांबून येतात, झाडाखाली बसून तिथंच बनवतात, आणि माणसं बघायला येतात.

आता परीचं. परी माझी लेक, गेल्या दिवाळीला चार वर्षांची होती. अंगणवाडी सुटली की तिचा बाप तिला जीपमध्ये घालून बागेच्या फाटकात सोडतो. मालक केज ते युसूफ वडगाव जीप चालवतात, आणि सासूबाई असतात दिंद्रुडला, धाकट्या दिराकडं. म्हणजे पोरीला सांभाळायला घरी कुणी नाही. मॅडम काही म्हणत नव्हत्या. पण गेल्या वर्षी प्रदर्शनाच्या आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"मीराताई, परीला आणा. पण प्रदर्शनातल्या एकाही वस्तूला तिचा हात लागला, तर त्या दिवसापासून तिला इथं आणायचं नाही."

मी मान हलवली. बाहेर येऊन मी हिशोब घातला. परी घरी म्हणजे मी पण घरी. आणि मला हे काम सोडायचं नव्हतं हो! माहेरी मी 'मीरे' होते, सासरी 'अगं ए'. 'मीराताई' मला पहिल्यांदा या बागेत कुणी म्हणलं.

पंधरा दिवस, चार वर्षांचं पोर, आणि हात लावायचा नाही!

*

मी मुळातच घाबरट. त्यात बागेत कामाला लागल्यापासून शहाणपण वाढलं तशी भीतीपण वाढली. आधी कण्हेर म्हणजे मला नुसतं देवाला वाहायचं फूल होतं. बागेत पाटी वाचली, 'विषारी'. धोतरा विषारी, गुंज विषारी, एरंडीची बी विषारी. ज्या झाडाखाली माझं बालपण गेलं ते पण विषारी निघालं!

तेव्हापासून मी दर अर्ध्या तासाला परीला धरायचे. "आ कर!" तिनं आ केला की तोंडात बोट फिरवून बघायचे. पोरीला इतकी सवय झाली की मी नुसती समोर दिसले तरी ती आपोआप तोंड उघडायची.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी एक मोठे चित्रकार आले. छातीपर्यंत दाढी, गळ्यात लांब मफलर, मॅडम त्यांच्या मागंपुढं "सर, सर" करतायत. सर काहीतरी चघळत झाडं बघत चालले होते. परी वाटेत उभी राहिली.

"आ कर!"

सर थांबले. इकडं तिकडं बघितलं. आणि एवढा मोठा माणूस, त्यानं खरंच आ केला!

"खाली वाक." सर वाकले. परीनं टाचा उंच करून आत बघितलं, उजवीकडं, डावीकडं. मग म्हणाली, "कायतरी हाय. थुक!"

सरांनी तळहातावर सुपारी थुंकली.

मी धावत आले तोवर सगळं झालं होतं. मी मॅडमकडं बघायचं धाडस केलं, तर मॅडमनी तोंड पलीकडं फिरवलेलं. त्यांच्या तोंडात वेलदोडा होता. तो त्यांनी गपकन गिळून टाकला!

*

शाहीनआपांना फळातलं कुणी शिकवायचं नाही. मालक फळांच्या गाड्यावाले, सासर फळांचं, माहेर फळांचं. एक कलाकार होते, त्यांनी सीताफळाचं चित्र काढलं. चांगलं हातभर मोठं, बघितलं की तोंडाला पाणी सुटेल असं. खाली नाव, 'पिकलेलं सीताफळ'.

आपा कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बघत उभ्या राहिल्या. कलाकाराला वाटलं, बाईंना चित्र आवडलं.

"कसं वाटलं?"

"कच्चं हाय."

"अहो, पिकलेलं आहे. खाली लिहिलंय."

"लिवून फळ पिकतंय का, भाऊ? डोळे उघडले न्हाईत त्याचे. डोळ्याच्या मधी पांढरी रेघ सुटावी लागती. हे अजून तीन दिवस गवतात ठेवायला पायजे."

कलाकार बिचारा चित्राला नाक लावून बघायला लागला. आपा निघून गेल्या, दुसऱ्या दिवशी विसरल्या पण. पण त्या माणसानं मनाला लावून घेतलं! दोन दिवस ब्रश घेऊन बसला, एकेका डोळ्याच्या कडेनं पांढरी रेघ काढली. मग आपांना शोधत रोपांपर्यंत आला.

"आपा, आता बघा बरं."

आपा मातीचे हात झटकत गेल्या. मान वाकडी करून बघितलं. "हां! आता कसं झालं! एकदम तयार."

तो खुश.

"पण आजच खाऊन टाका. उद्यावर न्हाई टिकायचं."

*

आमच्या भागात 'प्रदर्शन' म्हणलं की लोकांना एकच माहीत. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, आणि फुकट मिळणारी टोपी. त्यामुळं दिंद्रुडकडचे दोन शेतकरी आले ते आधी अर्धा तास ट्रॅक्टर शोधत फिरले. शेवटी एका चित्रापुढं थांबले.

एका पोरीनं कपाशीचं पान काढलं होतं. अळीनं खाऊन खाऊन त्याची जाळी झालेली, आणि त्यातून ऊन खाली पडलेलं. लई सुंदर होतं, खरंच. ती पोरगी शेजारीच बसली होती.

एक शेतकरी वाकून बघतो आणि कपाळाला हात लावतो. "आरारा! पोरी, फवारणी कवा केली होती?"

"फवारणी? नाही, म्हणजे मी हे मुद्दाम असं..."

"मुद्दाम? अगं सगळा प्लॉट जाईल तुझा!" त्यानं खिशातून कागद काढला, औषधाचं नाव लिहून दिलं, पंपाला किती टोपणं ते पण लिहिलं. पोरगी हुशार, तिनं गपचूप कागद घेतला.

तेवढ्यात दुसरा म्हणाला, "काय सांगतो बे तिला? त्या औषधानं ही अळी मरती का?"

"माझ्या रानात मेली की!"

"तुझ्या रानात काय उगवलं तरी का?"

झालं! दोघं चित्रापुढं भांडायला लागले. बघायला माणसं गोळा झाली. शेवटी मॅडम आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, हे चित्र आहे."

पहिला शेतकरी म्हणाला, "ते दिसतंय की हो. पण अळी खरी हाय."

मला विचाराल तर त्या चित्राचं इतकं कौतुक पंधरा दिवसांत दुसऱ्या कुणी केलं नाही.

*

सहा दिवस झाले. परीचा हात कशालाच नाही! मी तिला शिकवलं होतं, बागेत चालताना हात पाठीमागं बांधायचे. त्यामुळं चार वर्षांची पोरगी, हात मागं, पोट पुढं, तपासणीला आलेल्या साहेबासारखी फिरायची. कलाकार तिला बघून सरळ बसायचे.

त्यांच्यातल्या एकानं तारेची आणि वाळक्या काड्यांची शेळी केली होती. गयामावशी तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"किती वेताची हाय?"

कलाकार हसला. "मावशी, ही खरी शेळी नाही. हा शेळीचा भाव आहे."

"भाव न्हाई यायचा हिला," मावशी म्हणल्या. "मागचे पाय लुळे हायत, कास तर दिसतच न्हाई. बाजारात उभी केली तर गिऱ्हाईक पुढं निघून जाईल."

परी हात मागं बांधून शेजारी उभी होती. ती पण मान हलवून म्हणाली, "निघून जाईल."

*

आता दगडांचं.

पुण्याहून एक तरुण कलाकार आला होता. खादीचा झब्बा, कमी बोलायचा. त्यानं नदीतले गुळगुळीत दगड निवडून आणले आणि कमळाच्या तळ्याकाठी एका रांगेत उभे केले. मोजून सात. पुढं पाटी, 'मौन'. आणि जेवायला गेला.

इकडं गयामावशी हात धुवायला तळ्यावर गेल्या. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं पाण्याच्या काठावर सात दगड एका रांगेत दिसले तर ते दगड नसतात. त्या साती आसरा असतात, पाण्यातल्या देवी, कोपल्या तर लेकराबाळांवर येतं! मावशी जागेवरच थांबल्या. चप्पल काढली. चंचीतून कुंकवाची पुडी काढली आणि सातींना लावलं. आपल्या डब्यातला दहीभात पानावर ठेवला.

तेवढ्यात वडगावकडच्या बायांची एक सहल आली. त्यांनी बघितलं, कुंकू आहे, नैवेद्य आहे. त्यांना कुणी सांगायला लागतंय का? एकीनं बांगड्या ठेवल्या, एकीनं लिंबू कापलं, एकीनं तर पिशवीतला नवाकोरा हिरवा खण काढला.

कलाकार जेवून आला तर तळ्याकाठी रांग!

"अहो, हे काय केलंत? हे... हे मौन आहे!"

गयामावशी त्याच्याकडं वळून म्हणल्या, "गपच हायत की त्या. तूच बोलायलास."

मॅडम आल्या. बायांची सहल निघून गेल्यावर त्यांनी हुकूम सोडला, सगळं साफ करा, दगड धुवून परत लावा. कुणाला सांगणार? गयामावशी तर ऐकायलाच तयार नाहीत. मॅडमनी आशेनं शाहीनआपांकडं बघितलं.

"मला कावून सांगता, मॅडम?" आपा म्हणल्या. "मलाबी लेकरंबाळं हायत!"

मला तर मॅडमनी विचारलंच नाही. बरं झालं. कारण मी मघाशीच, कुणी बघत नसताना, परीच्या नावानं हात जोडून आले होते. म्हणलं, बायांनो, अजून आठ दिवस तिचे हात मागंच राहू द्या.

शेवटी तो पुण्याचा पोरगा स्वतःच बाह्या सावरून वाकला.

"लगीन झालंय का तुझं?" मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग उचल बाबा. तुझ्या मनानं."

पोरगा वाकलेला होता तो हळूच सरळ झाला. प्रदर्शन संपलं, तो पुण्याला गेला, दगड इथंच आहेत. त्याची पाटीपण आहे. आता लांबून बाया येतात, पाटी वाचतात आणि म्हणतात, हे बघा, आसरांचं नाव.

*

आणि मसुरीचं. हे लिहू का नको असं झालं होतं, पण बचत गटात सगळ्यांना माहीतच आहे.

सोलापूरकडचे एक सर होते. त्यांनी वडाखाली जमिनीवर धान्याचं मोठं वर्तुळ केलं होतं. ज्वारी, हरभरा, करडई, मसूर, एकात एक रांगा. वरून बघितलं तर सूर्यफुलासारखं दिसायचं. करून झालं आणि सर दोन-तीन दिवस फक्त सकाळी लवकर यायचे, लांबून फोटो काढायचे, जायचे.

एक दिवस मी झाडायला गेले तर मसुरीची रांग एका ठिकाणी गायब! किती? बरोबर लहान पोराच्या मुठीएवढी.

परी आली तशी तिला बाजूला घेतलं. "परे, तू घेतली का गं?"

तिनं आ केला.

तोंडात काही नव्हतं. पण गिळली असली तर? खिशात नाही, मुठीत नाही. नवऱ्याला फाटकातच थांबवून म्हणलं, "दुकानातून पावशेर मसूर आणून द्या."

"बागेत कालवण करायलीस का?"

"आणा म्हणते ना!"

दुपारी सगळे जेवत होते तेव्हा मी रांग भरून टाकली. वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी बघते तर परत गायब! आता दोन मुठी. परत भरली. तिसऱ्या दिवशी ज्वारीपण गेली. ज्वारी तर माझ्या घरचीच होती. रोज परीला रागवायचे, रोज परी आ करायची, रोज मी रांगा भरायचे.

चौथ्या दिवशी ते सर मॅडमपुढं उभे राहिले. हातात फोटो.

"मॅडम, या कामाचं नाव आहे 'परतफेड'. धान्य मुंग्यांनी न्यायचं, आणि वर्तुळ हळूहळू पुसत जायचं. मी रोज त्याचे फोटो घेतोय. आणि हे बघा! वर्तुळ पुसायचं सोडून जाड होत चाललंय!"

मॅडमनी आम्हा तिघींना बोलावलं. "कुणी हात लावला?"

परीनं नाही, मीच हात लावला होता! चार दिवस पोरीला उगीच रागवले, आणि वर्तुळ खराब केलं ते मी. मी तोंड उघडणार तेवढ्यात शाहीनआपा म्हणल्या,

"मॅडम, मुंग्यांनी नेलं असंल. मग पश्चात्ताप झाला असंल. आणून ठेवलं परत."

"मुंग्या परत आणून ठेवतात?" सर ओरडले.

गयामावशी म्हणल्या, "बागेतल्या मुंग्या हायत. रोज पाट्या वाचत्यात. शिकल्या असत्याल."

सर डोकं धरून निघून गेले. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्या पदराकडं बघत होत्या. पदराच्या गाठीतून मसुरीचे दाणे एकेक करून खाली गळत होते, टप, टप, टप.

"मीराताई."

"जी."

"मुंग्यांना सांगा, उद्यापासून आणू नका म्हणावं."

"जी."

"आणि परीचं विसरू नका. आता शेवटच्या दिवशी मोठे साहेब येणार आहेत. त्या दिवशी काही झालं, तर मी काही करू शकणार नाही."

*

तो शेवटचा दिवस.

बांबूच्या बेटाजवळ लातूरच्या एक बाई बसायच्या. साठीच्या पुढच्या, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांची दोन्ही मुलं परदेशात असतात, हे त्यांनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागल्या. पंधरा दिवस त्या गवत, खजुरीची पानं आणि घायपाताचा दोर घेऊन एक घरटं विणत होत्या. सुगरण पक्षी विणतो तसंच, पण धान्याच्या कणगीएवढं मोठं! बाभळीच्या फांदीला टांगलेलं, जमिनीपासून वीतभर वर, बाजूनं गोल तोंड. आत मऊ कापूस पसरलेला.

माझं अक्षर बरं म्हणून पाटी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. पांढऱ्या रंगात मी लिहिलं, 'रिकामं घरटं. कृपया हात लावू नये.'

त्या दिवशी मला हॉलमध्ये पाहुण्यांच्या चहाला उभं केलं होतं. परीवर लक्ष कोण ठेवणार? गयामावशींनी त्या दिवशी सोबत आणलेल्या करडाच्या गळ्यातली घंटी काढून दिली. "हे बांध पोरीच्या कमरेला. वाजती तोवर पोरगी हाय म्हणायचं."

बांधली. मी कपात चहा ओतत होते आणि कान बाहेर. टिंग टिंग. आहे. टिंग टिंग. आहे, कुंपणाकडं खेळतेय. इतका चांगला उपाय मला आधी कावून सुचला नाही, असं झालं. साहेब आले, चहा झाला, मॅडम त्यांना बाग दाखवायला घेऊन गेल्या. मी कप गोळा केले. टिंग टिंग.

मग घंटीच्या आवाजामागं गेले, कुंपणापाशी, बोरीच्या झुडपामागं.

करडू उभं होतं. गळ्यात घंटी. बोरीचा पाला खात होतं.

बायांनो, त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आधी तळ्याकडं पळाले. पाणी स्थिर होतं. मग कण्हेरीकडं, मग एरंडाकडं, मग विहिरीच्या जाळीवर वाकून बघितलं. जाळी शाबूत होती. "परे! परे!" शाहीनआपा एका बाजूनं, गयामावशी दुसऱ्या बाजूनं. आपा पळता पळता मोठ्यानं दुआ मागत होत्या.

बांबूच्या बेटाजवळ माणसांचं कडं दिसलं. वीस-पंचवीस जण, कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. मला वाटलं, संपलं. मी माणसं ढकलत आत शिरले.

घरट्याच्या तोंडातून दोन पाय बाहेर लोंबत होते. मातीनं भरलेले. आत कापसावर परी, अंगाचं मुटकुळं करून गाढ झोपलेली. तोंड उघडं. एका मुठीत बोरं, आणि दुसऱ्या मुठीत घरट्याचं विणलेलं गवत घट्ट धरलेलं.

ती आहे एवढं दिसलं आणि मी खाली बसले. आणि बसल्यावर दुसरं दिसलं. मॅडम समोर उभ्या होत्या.

साहेबांनी चष्मा नाकावर ओढून पाटी वाचली. "रिकामं घरटं." आत बघितलं. परत पाटी बघितली. "रिकामं कुठंय?"

लातूरच्या बाई घरट्याला टेकून उभ्या होत्या, पंधरा दिवसांच्या विणकामानं बोटांना चिंध्या बांधलेल्या. नुसत्या त्या मातीच्या पायांकडं बघत होत्या.

मी उठले. "मॅडम, चुकलं. लई चुकलं. उचलते मी तिला. उद्यापासून न्हाई आणणार." आणि दोन्ही हात पुढं केले.

बाईंनी माझं मनगट धरलं.

"मीरा, ही पाटी कुणी लिहिली?"

"मी."

"काय लिहिलंय शेवटी?"

"हात लावू नये."

"मग?"

मी हात मागं घेतले. मॅडमकडं बघितलं. तेवढ्यात एकानं साहेबांच्या हातात माईक आणून दिला, साहेबांनी घसा खाकरला, आणि मॅडमनी पटकन त्या माईकवर आपला तळहात ठेवला.

"सर, भाषण तिकडं हॉलमध्ये करू या का?" त्या एकदम हळू आवाजात म्हणल्या. "इथं ती उठेल."